फ्रंट स्ट्रीटच्या किल्ल्या

सात घरांच्या किल्ल्या मी एका माणसाच्या हातातून काढून घ्यायला लावल्या. त्यानं काही चोरलं नव्हतं. तो चोर आहे असं मीही कुणाला म्हणालो नाही. मी एवढंच म्हणालो, की हा माणूस आपल्याशी खोटं बोलतो आणि माझ्याकडे त्याचा पुरावा आहे. पुरावा खरोखरच होता. तो मी मोबाइलवर सगळ्यांना दाखवला, आणि त्या दिवशी घरी परतताना आपण गल्लीचं मोठं काम केलं असं मला वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मर्लबद्दल लिहिताना माझा हात सारखा स्वतःला वाचवायला बघेल.

मर्ल आमचे शेजारी. आयर्लंडमधल्या ड्रोहेड्यात, बॉइन नदीकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर चौदा बैठी घरं आहेत. त्यांतलं नववं आमचं, दहावं त्यांचं. माझी बायको मेधा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी डब्लिनमधल्या एका कंपनीत आहे. लोक ऑनलाइन खातं उघडताना पत्ता आणि ओळखपत्र पाठवतात, ते खरं की बनावट हे तपासणाऱ्या टीमचा मी प्रमुख. म्हणजे सोळा वर्षं माझं पोट संशयावर चाललं आहे. २०२०च्या फेब्रुवारीत आई साताऱ्याकडून तीन महिन्यांसाठी आली, मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ती इथेच अडकली.

मर्ल अमेरिकन. आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठी बेल्डन नावाचं वीसेक हजार वस्तीचं शहर आहे, तिथले. त्यांची बायको ऊना मूळची ड्रोहेड्याची. निवृत्त झाल्यावर दोघं तिच्या गावी येऊन राहिली. चार वर्षांपूर्वी ती गेली, हे राहिले. गल्लीतले आयरिश लोक त्यांना ‘यँक’ म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

वय एकोणसत्तर. उंची सहा फुटांच्या वर, पण चालायचे खाली बघत. हातातल्या काठीनं फुटपाथवरची लोखंडी झाकणं टकटक वाजवत जायचे. छातीच्या खिशात कायम बॅटरी, भर दुपारीसुद्धा. दिवसा बॅटरी घेऊन लोकांच्या अंगणाबाहेर रेंगाळणारा माणूस, ही माझ्या डोक्यातली त्यांची पहिली नोंद. त्यांनी चाळीस वर्षं बेल्डनच्या पाणी खात्यात मीटर वाचण्याचं काम केलं होतं. तिथे मीटर घराच्या तळघरात असतात, तळघरात अंधार असतो, म्हणून बॅटरी. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, इथे कुठल्या घराला तळघर आहे?

एप्रिलमधल्या एका सकाळी ते आमचं फाटक उघडून सरळ आत आले आणि बागेतला नळ पिळून बंद केला. मी काचेआडून बघत होतो. बाहेर आलो.

“टपकत होता,” ते म्हणाले. “दिवसाला एक बादली.”

“मी बघितलं असतं,” मी म्हणालो.

“नळाबद्दल तसं सगळेच म्हणतात.”

आई माझ्यामागे दारात उभी होती. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नाही, पण नळ बंद झालेला तिनं बघितला होता. “भला माणूस दिसतोय,” ती म्हणाली. “नाव काय म्हनं?” मी नाव सांगितलं. तिनं ते तोंडात घोळवलं आणि त्या दिवसापासून ते तिच्यासाठी मुरलीभाऊ झाले.

त्याच सुमाराला सत्तरीपुढच्या लोकांनी घराबाहेर पडायचंच नाही असा नियम आला होता. आमच्या गल्लीत अशी सात माणसं सात घरांत एकेकटी राहत होती. रहिवाशांची एक छोटी समिती आहे, तिचा सेक्रेटरी पॅट, निवृत्त शाळामास्तर. त्यानं सामान, औषधं आणून द्यायला कोण तयार आहे असं विचारलं. पहिला हात मर्लनी वर केला. आठवड्याभरात सातही जणांनी आपल्या घराची एकेक किल्ली त्यांच्याकडे दिली. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपण होऊन. रोज सकाळी नऊला आणि दिवेलागणीला मर्ल काठी वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारत.

मी घरून काम करत होतो. माझं टेबल खिडकीशी होतं. त्यांची फेरी मला रोज दिसायची. ते प्रत्येक घरासमोर थांबायचे, मान वाकडी करून काहीतरी ऐकायचे, मग पुढे जायचे. काय ऐकतात? मेधा हॉस्पिटलमधून येऊन थेट वरच्या पोटमाळ्यावरच्या खोलीत झोपायची, आमच्यात मिसळायची नाही. बोलायला कुणी नव्हतं. दिवसभर मी खोट्या पत्त्यांचे कागद बघायचो आणि मधूनमधून मर्लना बघायचो.

त्यांना बोलतं करायला फार लागत नसे. दोन घरांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. आई अलीकडे खुर्ची टाकून बसली की ते पलीकडे येऊन उभे राहत, आणि मी मधे दुभाषा. विषय कुठलाही असो, पाचव्या मिनिटाला ते बेल्डनला पोचायचे, आणि बेल्डनमध्येही एकाच रस्त्यावर, फ्रंट स्ट्रीटवर. नदीपासून वर येणारा रस्ता. पहिलं घर डच म्हाताऱ्याचं, तो मासे वाळवतो. त्याच्या शेजारी लिओना, खिडकी उघडी ठेवून पियानो वाजवते, एकच गाणं, तेही चुकत. चौदा नंबरला गसचं सलून, दार लाल. नदी तिसऱ्या पायरीला लागली की गस गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून दुकान बंद करतो, म्हणून बेल्डनमध्ये अर्ध्या दाढीचा माणूस दिसला की लोक वाळूची पोती भरायला घेतात. वीस नंबरला दोघी बहिणी, एकमेकींशी अकरा वर्षं बोलत नाहीत, पण मीटर एकच, त्यामुळे पाणीपट्टीच्या दिवशी चिठ्ठ्या पाठवतात.

“घरात माणसं काय करतात ते मीटरला कळतं,” ते एकदा म्हणाले. “नळ सोडून रडणारी माणसं असतात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मीटरवर दिसतं ते.”

“मग तुम्ही काय करता?”

“काही नाही. पुढच्या महिन्यात जरा जास्त वेळ थांबतो.”

सगळं असं, चालू काळात. जणू ते सकाळीच तिथून फेरी मारून आलेत. मला ते खटकायचं. जो माणूस इतकी वर्षं इथे राहतो, त्याला तिकडच्या दाढ्या आज कशा दिसतात?

मे महिन्यात आईनं त्यांच्यासाठी थालीपिठं दिली. मी ती घेऊन गेलो. मर्लनी बशी ठेवायला प्रेस उघडलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. दाराच्या आतल्या बाजूला एक फळी होती, तिच्यावर सात खिळे आणि सात किल्ल्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्यानं बांधलेला. मी वाचलं तेवढं असं: पियानो. दोन मांजरं. डावा गुडघा. नऊच्या बातम्या. घर क्रमांक नाही, नाव नाही. मी बघतोय हे लक्षात येताच त्यांनी दार लोटलं.

घरी येऊन मी आईला म्हणालो, “त्यांच्याकडच्या किल्ल्यांवर खुणा आहेत. कुणाच्या घरात काय आहे, कोण लंगडतं, सगळं लिहून ठेवलंय.”

“आसंल,” आई म्हणाली. “थालीपीठ आवडलं का?”

जूनमध्ये एक दिवस मी कॉल संपवून बाहेर आलो, तर भिंतीवर खेळ चालला होता. आईनं बागेतले खडे ओळीनं मांडले होते. मला ती ओळ बघताक्षणी कळली. आईचं माहेर, जुनं आंबोशी, ती बारा वर्षांची असताना धरणात गेलं. लहानपणी ती मला ते घराघरानं सांगायची: घाटावरनं वर आलं की पैलं घर म्हादू सुताराचं, मग गुरवाचं, मग विहीर, मग आमचं. हजारदा ऐकलेलं. कॉलेजात गेल्यावर मी तिला स्पष्टच सांगितलं होतं, आई, पुरे आता. त्यानंतर तिनं मला ते सांगितलं नव्हतं. आता ती ते मराठीतून मर्लना सांगत होती, आणि मर्ल मान डोलवत होते. ती थांबल्यावर त्यांनी खिशातून कपड्यांचे लाकडी चिमटे काढले आणि खड्यांच्या शेजारी दुसरी ओळ लावली. इंग्रजीतून. डच म्हातारा, लिओना, गस.

ते गेल्यावर आई म्हणाली, “सुधीर, त्येचं गाव ग्येलंय रं.”

“कुठे गेलंय? नकाशावर आहे बेल्डन. मी बघितलंय.”

“नकाशाचं मला न्हाय म्हाईत. गाव जाग्यावर आसलं की मानूस आसं घर मोजून सांगत न्हाय.”

“आई, तुला इंग्लिश तरी कळतं का?”

तिनं खडे उचलून पदरात घेतले आणि आत गेली.

मी मात्र त्या दिवसापासून तपासायला लागलो. हे माझं कामच आहे, मला ते चांगलं येतं. बेल्डन होतं. शाळा, चर्च, पाणी खातं, सगळं होतं. फ्रंट स्ट्रीटही होती, पण तिच्यावर एकही घर नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात नदीपासून वरपर्यंत नुसतं गवत. चार बाकं, एक चेंडूचं मैदान. गसच्या सलूनचा मागमूस नाही. पियानो वाजवणाऱ्या लिओनाचा नाही. इतकं हिरवं खोटं मी कधी बघितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी भिंतीशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मर्ल, फ्रंट स्ट्रीटवर चौदा नंबरला काय आहे म्हणालात?”

“गसचं सलून. लाल दार.”

“अजून आहे?”

हातातला चिमटा त्यांनी उघडला, मिटला.

“जाईल कुठे?” ते म्हणाले.

माझ्या कामात याला आम्ही पक्की केस म्हणतो. माणसाला खरं सांगायची संधी दिली आणि त्यानं घेतली नाही.

सप्टेंबरमध्ये गल्लीच्या टोकाच्या हिरवळीवर, अंतर राखून खुर्च्या मांडून, समितीची बैठक झाली. मर्ल कुणाची तरी औषधं आणायला गेले होते. मी मुद्दाम ती वेळ साधली. मोबाइल एकेकाच्या समोर धरून मी गवत दाखवलं.

“आह, युअर मॅन गोष्टी रंगवतो थोड्या,” पॅट म्हणाला. इथे कुणाचं नाव घ्यायचं नसलं की ‘युअर मॅन’ म्हणतात. “यँकच आहे तो शेवटी.”

पाचव्या घरातल्या ब्रीडाबाई, वय अठ्ठ्याऐंशी, शाल गुंडाळून बसल्या होत्या. “एप्रिलपासून तो माझ्या स्वयंपाकघरात येतोय,” त्या म्हणाल्या. “आतापर्यंत त्यानं नेला तो फक्त माझा वेळ.”

लोक हसले. मी हसलो नाही. “माझ्या कामात पहिलं खोटं लहानच असतं,” मी म्हणालो. “सात घरांच्या किल्ल्या आहेत त्याच्याकडे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

जबाबदारीचा शब्द काढला की कुठल्याही देशातली समिती गप्प होते.

पॅटनं ते आयरिश पद्धतीनं, आडवळणानं केलं. मर्लच्या फाटकाशी जाऊन म्हणाला, “तू खूप केलंस मर्ल, यू आर ग्रँड, आता जरा विश्रांती घे.” मर्लना सगळं कळलं असावं. ते आत गेले आणि बिस्किटांच्या डब्यात किल्ल्या घेऊन आले. डबा मी घेतला, कारण यादी ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

“ब्रीडाच्या पियानोकडे कान ठेव,” ते मला म्हणाले. “दहाला वाजवते. नाही वाजला तर आत जायचं. आणि टॉमचा डावा गुडघा...”

“यादी केली आहे मी,” मी म्हणालो. “सगळ्यांना रोज मेसेज जाणार आहे.”

“टॉमकडे मोबाइल नाही.”

“फोन आहे ना घरात?”

त्यांनी मान हलवली. “किल्लीवर घराचा नंबर लिहू नकोस. हरवली तर कुणालाही घर सापडेल,” एवढंच म्हणाले आणि वळले.

घरी येऊन मी पुठ्ठ्याचे सातही तुकडे कापून काढले आणि प्रत्येक किल्लीला घराचा नंबर लावला. पुठ्ठे केरात टाकले. आईनं ते केरातून काढून घेतले हे मला नंतर कळलं. नियमही मीच केला: समितीतल्या दोघांची परवानगी असल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. किल्ल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही फेऱ्या बंद झाल्या. मर्ल आता फक्त स्वतःच्या फाटकापर्यंत यायचे आणि तिथे उभे राहून कान द्यायचे. भिंतीशी येणंही त्यांनी सोडलं. आई खुर्ची टाकून बसायची, वाट बघायची आणि उठून आत यायची. माझ्याशी ती त्या दिवसांत कमीच बोलायची.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी साडेनऊला मर्ल आमच्या दारात.

“दूध आणायला निघालो होतो. टॉमचा पडदा वर गेलेला नाही.”

टॉम तिसऱ्या घरातले, ब्याऐंशी वर्षांचे, एकटे. मी म्हणालो, “झोपले असतील.”

“आठला उठतो. नऊ वर्षं बघतोय, आठला उठतो. किल्ली दे.”

हे आता लिहितानाही मला लाज वाटते. माझ्या मनात पहिला प्रश्न टॉमबद्दल आला नाही. मनात आलं, हा माणूस अजूनही लोकांच्या पडद्यांवर नजर ठेवतोय.

“आधी फोन करून बघू,” मी म्हणालो.

टॉमचा फोन वाजत राहिला. पॅटचा फोन लागेना. तो कोविडच्या टेस्टच्या रांगेत होता. समितीच्या तिसऱ्या सदस्य एक बाई, त्यांना मेसेज केला. मर्ल पायरीवर उभे होते, तोंडातून वाफ येत होती, हातात बॅटरी. ते एकदाही मोठ्यानं बोलले नाहीत. दर पाच मिनिटांनी फक्त म्हणायचे, “सुधीर, किल्ली.” दहा वाजले. खाली पाचव्या घरातून ब्रीडाबाईंचा पियानो सुरू झाला. मर्लनी तिकडे मान वळवली, एक बोट वर केलं, जणू कुणाची तरी हजेरी मांडली, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

शेवटी आई आली. तिनं माझ्या टेबलाचा ड्रॉवर ओढून काढला आणि अख्खा ड्रॉवर त्यांच्यापुढे धरला.

टॉम न्हाणीघराच्या फरशीवर होते. शुद्धीवर होते. आदल्या दिवशी दुपारी चारला, अंधारायच्या आधी पडले होते. खुबा मोडला होता. मर्ल त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले, तोंडासमोर तोंड आणून, आणि अँब्युलन्स येईपर्यंत हळू आवाजात बोलत राहिले. मी दारात उभा होतो. मला फक्त अधूनमधून शब्द ऐकू येत होते. लिओना. लाल दार. तिसरी पायरी.

मेधाला मी संध्याकाळी विचारलं, “माझा तासभर गेला, त्यानं फरक पडला असेल का?”

“एका तासानं फारसा नाही,” ती म्हणाली. “पण अठरा तासांनी पडतो.”

दिवेलागणीची फेरी चालू असती तर मर्ल आदल्या संध्याकाळीच थांबले असते. टॉमच्या घरात दिवा लागला नव्हता. गल्लीतल्या कुणीही ते बघितलं नव्हतं, कारण बघणाऱ्याला मी बंद केलं होतं.

अँब्युलन्स गेल्यावर मर्ल टॉमच्या पायरीवर बसले होते. मी जवळ गेलो. आधी तेच बोलले, समोर नदीकडे बघत.

“गवत बघितलंस ना तू नकाशावर?”

मी हो म्हणालो.

“पूर आला. त्याआधीही यायचे, पण हा गेलाच नाही, बारा दिवस. मग शहरानं ठरवलं, फ्रंट स्ट्रीटवर पुन्हा कुणी राहायचं नाही. सगळी घरं विकत घेतली आणि पाडली. पाडण्याआधी प्रत्येक घराचं पाणी तोडावं लागतं, मीटर काढावा लागतो. ते काम माझं. एकेचाळीस घरं. गस दारात उभा होता. म्हणाला, मर्ल, तू आहेस म्हणून उघडतो दार. शेवटचा नळ मी बंद केला. मग मी आणि ऊना इकडे आलो.”

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी विचारलं होतं.”

“तू विचारलंस, अजून आहे का,” ते म्हणाले. “नाही हा शब्द मी त्या रस्त्याबद्दल कधीच म्हटलेला नाही.”

घरी आलो तर आई स्वयंपाकघरात उभी होती. मी तिला सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “येकदा पान्यानं बुडवलं त्येला. येकदा तू.” मग पदराच्या गाठीतून पुठ्ठ्याचे सात तुकडे काढून तिनं माझ्या हातावर ठेवले.

धरणात बुडालेल्या गावाच्या लेकीचा मी मुलगा. उपग्रहाच्या चित्रात जुनं आंबोशी शोधायचा प्रयत्न मी स्वतः एकदा केला होता आणि मला नुसतं पाणी दिसलं होतं. तेव्हा मी आईला खोटारडी म्हणालो नाही. मर्लचं गवत बघून मात्र मला फक्त फसवणूक दिसली.

किल्ल्या पॅटनं दुसऱ्याच दिवशी मर्लना परत दिल्या, पुन्हा त्याच पद्धतीनं: “ह्या तुझ्याकडेच बऱ्या, यू आर ग्रँड.” कुणी काही विचारलं नाही. गल्ली ती गोष्ट विसरली. पुठ्ठे मी एका पाकिटात घालून त्यांच्या टपालपेटीत टाकले, आत चिठ्ठी नव्हती. ते पुन्हा फेरी मारायला लागले. भिंतीशी येऊन आईसमोर चिमटे मांडायला लागले. मला बघून मान हलवायचे. मी माफी मागितली नव्हती. तीनदा मेसेज लिहिला आणि पुसला. एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन दूध जास्तीचं हवंय का असं विचारून आलो.

“त्वांडानं सांग,” आई म्हणायची. “मोबायलवर न्हाय.”

टॉम घरी परतलेच नाहीत. हॉस्पिटलमधून त्यांना गावाबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. आत कुणाला सोडत नव्हते, खिडकीबाहेरून भेटायची मुभा होती. मर्ल दर गुरुवारी चालत जायचे, घडीचं स्टूल काखेत मारून. मार्चमधल्या एका गुरुवारी भुरभुर पाऊस होता. मी गाडी काढली आणि त्यांच्यापाशी थांबवली. ते मागच्या सीटवर बसले, काच खाली केली. टॉमच्या घरावरून जाताना मी म्हणालो, “त्यांची किल्ली अजून आहे तुमच्याकडे?”

“खिळ्यावर आहे,” ते म्हणाले.

खिडकी तळमजल्यावर, बागेच्या बाजूला होती. काचेपलीकडे टॉम चाकाच्या खुर्चीत, अंगावर घोंगडी. फार बारीक झाले होते. मर्लनी स्टूल उघडलं, बसले, काचेवर काठीनं दोनदा टकटक केलं आणि सुरुवात केली. डच म्हाताऱ्यापासून. टॉमना अर्धं ऐकू जात असावं. पण अर्ध्या दाढीला ते हसले, आणि मर्ल जरा चुकले तिथे त्यांनी बोट हलवून सांगितलं, आधी लिओना, मग गस. त्या रस्त्यावर पाय न ठेवलेल्या ड्रोहेड्याच्या म्हाताऱ्याला तो पाठ झाला होता. मी मागे दोन मीटरवर, झाडाखाली भिजत उभा होतो.

वीस नंबरच्या बहिणी झाल्यावर मर्ल थांबले. मी पुढे गेलो आणि एवढंच म्हणू शकलो, “मर्ल, मला माफ करा.”

टॉमनी माझ्याकडे बघितलं. “युअर मॅनला काय हवंय?” काचेतून त्यांचा आवाज बारीक येत होता.

“माफी मागतोय,” मर्ल म्हणाले.

“काय?”

“माफी!”

“कशाबद्दल?”

मर्लनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. मीटर वाचताना ते असंच बघत असतील. ते स्टुलावरून उठले आणि त्यांनी मला जागा करून दिली.

“त्याला सांग,” ते म्हणाले. “सगळं सांग. मोठ्यानं, त्याला ऐकू कमी येतं.”

मी स्टुलावर बसलो. आत दोन नर्स चादरी बदलत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. मी काचेजवळ तोंड नेलं आणि ओरडून म्हणालो, “टॉम, मर्ल खोटं बोलतात असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. फ्रंट स्ट्रीट खरी आहे. त्यांच्याकडच्या किल्ल्या मी काढायला लावल्या, त्यांची फेरी मी बंद केली, म्हणून तुम्ही रात्रभर फरशीवर पडून राहिलात. सकाळी ते किल्ली मागत होते, ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती आणि मी दिली नाही. माझं चुकलं. तुमचीही माफी मागतो, त्यांचीही.”

काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. तिच्यापलीकडे टॉमनी कानामागे हात धरला.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले.

मी काच बाहीनं पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.